समजल्याची सही

आमच्या सुनेचे सर आधी परीक्षा घेत आणि मग चहा घेत. परीक्षा सुनेची नव्हे, माझी. अंगणातल्या बाजेवर पाठ ताठ करून बसायचे, मांडीवर कागद ठेवायचे आणि विचारायचे, "हं बाई, काय समजलं?" माझी चौथी झाली त्या साली गुरुजींनी तोंडी पाढे विचारले होते. त्यानंतर उभ्या जन्मात मला कोणी काही विचारलं नव्हतं. भाजीत मीठ काहून कमी, एवढंच. म्हणून त्यांची सायकल वेशीपाशी दिसली की हातातलं काम टाकून मी तोंडानं घोकायला लागायची.

उंच, हाडकुळे होते. उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. पँट सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला सुतळी बांधत, आणि ती दिवसभर सोडत नसत. सून सांगायची, वर्गातही तशीच असते, पोरं हसतात. कोणी म्हटलंच तर म्हणायचे, "जाताना पुन्हा बांधावीच लागणार आहे." लहानथोर सगळ्यांना अहो-जाहो करत. अठरा वर्षांच्या पोरीला "तुम्ही" म्हणायचे आणि तिचा कागद तिच्याच समोर फाडायचे. म्हणायचे, "हे तुम्ही लिहिलेलं नाही. गाईडनं लिहिलं आहे. गाईडला वर्गात पाठवा, मी त्याला मार्क देतो."

कॉलेज नेरला, आमचं गाव तिथून सात किलोमीटर. सून लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली होती आणि तिला पुढं शिकायचं होतं. माझा मुलगा तिच्या बाजूनं होता. बुढा, म्हणजे माझा नवरा, विरोधात. मी कोणाच्याच बाजूनं नव्हते, मला घरात दोन हात जास्त हवे होते. शेवटी बुढ्यानं एक वर्ष दिलं.

"एक वर्स पाहू," तो म्हणाला. "एका बी विषयात राह्यली का कॉलेज बंद. मंग विळा घ्यायचा आन् निंदाले चालायचं."

"हो मामाजी," सून म्हणाली.

पहिल्या वर्षाला लेखनाचा एक पेपर होता. आधी पोरं गाईड घेऊन त्यात सहज पास होत. हे सर आले आणि ते बंद झालं. वर्षात चार निबंध. त्यातले तीन पास झाले तर पेपर पास, नाही तर नापास. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यासमोर उभं राहून सगळे नियम सांगितले आणि सुनेनं ते वहीत उतरवून आणले. मी मिरच्यांचे देठ खुडत होते, ती वाचत होती.

कागदाच्या एकाच बाजूनं लिहायचं. दोन बोटं समास सोडायचा. कडेनं फुलंवेली काढायच्या नाहीत. काढल्या तर सर कात्रीनं कापून टाकणार, आणि त्यासोबत अक्षरं गेली तर ती तुमची जबाबदारी. निबंध तीनदा लिहायचा आणि तिन्ही कागद जोडून द्यायचे, पहिला खाडाखोडीचासुद्धा. जोडायला टाचणी नाही, बाभळीचा काटा. टाचणी गंजते म्हणे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि बळीराजा, पोशिंदा, काळी आई हे शब्द ज्या कागदावर दिसतील तो कागद सर पुढं वाचणार नाहीत.

"काहून वं?" मी म्हटलं. "चांगले शब्द हायेत की."

"सर म्हणते, हे शब्द पेपरवाल्यायचे आन् पुढाऱ्यायचे हायेत. तुमच्या घरी कोणी बापाले बळीराजा म्हणून हाक मारते काय?"

मी बुढ्याकडं पाहिलं. तो ओसरीत बनियन वर करून खांबाला पाठ घासत होता.

"नाई," मी म्हटलं. "कोणी नाई मारत."

ती बोंडअळीची वर्षं होती. झाड हिरवंगार दिसायचं, बोंड फोडलं की आत गुलाबी किडा. शहरातून गाड्या यायच्या. कोणी बांधावर उभं राहून फोटो काढायचं, कोणी बायांना सांगायचं, जरा पदर डोळ्याला लावा. पोरांना वाटायचं लिहायचं म्हणजे असंच. सर म्हणायचे, रडणं मला लिहून देऊ नका, ते बाजारात पुष्कळ मिळतं. तुमची आई कापूस वेचून घरी आली की आधी काय करते ते लिहा.

मग सुनेनं शेवटचा नियम वाचला. निबंध पूर्ण झाला की घरातल्या एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो माणूस कॉलेजात गेलेला नसावा. त्याला समजला तर त्यानं खाली "समजलं" असं लिहून सही करायची. लिहिता येत नसेल तर अंगठा. आणि सर एखाद्या रविवारी घरी येऊन त्या माणसाला विचारणार.

"कायले?"

"खरंच समजलं का ते पाहाले."

"आन् नसन समजलं तं?"

"तं तो निबंध नापास."

माझ्या हातातली मिरची हातातच राहिली. म्हटलं, "मंग तुया मामाजीची सही घे."

"मामाजी बसतीन काय ऐकत, आत्याबाई?"

बुढा बसला नसता. मुलगा दिवसभर शेतात, आणि संध्याकाळी जेवताजेवता पेंगायचा. राहिले मी.

गावोगावी त्यांना सहीवाले मास्तर म्हणत. सून बसमधून त्यांचे किस्से घेऊन यायची. एका गावच्या पोलीस पाटलांनी त्यांना अंगणातच अडवलं. म्हणाले, "मास्तर, मी पोराचा बाप हाओ, तुमचा विद्यार्थी नाई. मले प्रश्न नाई इचारायचे." सर म्हणाले, "बरोबर आहे. मग घरात दुसरं कोणी समजणारं असेल तर बोलवा." दाराआडच्या बाया फिदीफिदी हसल्या. पाटलांची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली. तिनं निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला आणि वर हेही सांगितलं, की पोरगा वाचत होता तेव्हा याचा बाप घोरत होता.

कळंबकडच्या एका पोराच्या आईला कोलामीशिवाय काही येत नव्हतं. सर म्हणाले, मग कोलामीत सांगा. पोरगा ओळीवर बोट ठेवून आईला सांगत गेला. सरांना एक शब्द कळत नव्हता. ते नुसते तिच्या तोंडाकडं पाहत बसले. शेवटी दोन ओळींखाली रेघ ओढून म्हणाले, "इथं त्या हसल्या. इथं तुमचं जमलं आहे. बाकी वेळ त्या चुलीकडं बघत होत्या."

मुदतीचंही त्यांचं वेगळंच. पोरं खेड्यापाड्यांतून बसनं यायची आणि बसचा भरवसा नाही. म्हणून मुदत म्हणजे शेवटची बस. त्या दिवशी सर नेरच्या बसस्टँडवर लिंबाखाली सायकल लावून बसत. बस लागली की दारापाशी जाऊन हात पुढं करत, कंडक्टर तिकीट मागतो तसा. संध्याकाळची शेवटची बस रिकामी झाली की कापडी पिशवीला गाठ मारत. गाठ बसल्यावर कलेक्टर आला तरी कागद घेत नसत. एक पोरगी पाच पावलांवर होती, धावत येत होती. गाठ बसली होती. नाही घेतला.

त्यांनी हे सहीचं खूळ कुठून काढलं कोण जाणे. कोणी म्हणायचं, त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती आणि त्यांनी लिहिलेलं तिला कधी समजलं नाही. कोणी म्हणायचं, तसं काही नाही, डोकंच तिरपं आहे. मी विचारलं नाही, आणि ते सांगणाऱ्यांतले नव्हते.

पहिला निबंध विहिरीवर होता. निंदणाचे दिवस. मी शेतातून आले, कंबर मोडलेली, आणि सून कागद घेऊन समोर.

"आण इकडं," मी म्हटलं आणि पेन घेतला.

"आत्याबाई, एकदा ऐकून तं घ्या."

"विहिरीवरच हाय ना? जलम गेला मावा विहिरीचं पाणी शेंदून शेंदून. आदीच समजलं मले."

सही करायला मला वेळ लागतो. "समजलं" लिहायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात तिनं वाचून दाखवलं असतं. पण मी सही केली आणि आडवी झाले.

त्या रविवारी सर आले. "काय समजलं?" मी सांगितलं. चांगलं सांगितलं. आमच्या विहिरीच्या पायऱ्या, गोड पाणी, दोराचे वळ, सगळं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, जमलं.

"बाई, तुम्ही छान सांगितलंत," ते म्हणाले. "पण हा तुमचा निबंध झाला. यांच्या निबंधात विहिरीवर कुलूप आहे."

सुनेनं तिच्या माहेरची विहीर लिहिली होती. फुलसावंगीच्या बाजूला आहे तिचं माहेर. तिथल्या विहिरीवर जाळी टाकून कुलूप घातलं होतं आणि बायांना किल्ली मागायला सरपंचाच्या घरी जावं लागायचं. मला काय माहीत?

"चूक माही हाय, मास्तर. पोरीची नाई."

"सही तुमची आहे, निबंध यांचा आहे," ते म्हणाले आणि कागदावर आडवी काट मारली. मी चहाचं विचारलं. म्हणाले, आज नाही. गेले.

सून आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि ते तिथंच मिटलं असतं. चारातला एक गेला होता. आता उरलेले तिन्ही पास व्हायलाच हवे होते, आणि ते माझ्या आळसापायी.

दुसरा निबंध मी तीनदा ऐकला. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यावर होता. चार दिवस निंदताना मी तो तोंडानं घोकत होते. बाया हसायच्या. एक म्हणाली, "बुढी कॉलेजात चालली. आता पोट्ट्यायले लाइन मारन!" दुसरी म्हणाली, "डबा कोण करून देईन तिले, सून का बुढा?" हसू द्या म्हटलं. मला झोप येत नव्हती.

सरांनी विचारलं, "गिरणीवाला बोलताना कुठं बघतो?"

"पट्ट्याकडं. माणसाकडं नाई पाहात."

"का?"

"पट्टा निसटला तं हात जाते. माणूस निसटला तं त्याचं काय जाते?"

हे निबंधात नव्हतं, माझ्याच तोंडून निघालं. सरांनी कागदावर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बरोबर," म्हणाले. दोन कप चहा प्याले, बशीत ओतून. सून चुलीपाशी उभी राहून आमच्याकडंच बघत होती. मी तिला म्हटलं, दूध उतू चाललं.

आता फवारणीचं सांगते, कारण त्याशिवाय चौथ्या निबंधाचं कळणार नाही.

भादव्यातली गोष्ट. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर घेऊन आत शिरलं की औषध तोंडावर यायचं. मुलगा सकाळपासून फवारत होता. दुपारी घरी आला, डोळे लाल. म्हणाला, "माय, डोस्कं गरगर करून राह्यलं." सून कॉलेजात होती, बुढा नेरच्या बाजारात. घरी मी एकटी. मी त्याला पाणी दिलं. चार दिवसांनी उघडीप पडली होती, पुन्हा आभाळ आलं तर सगळं धुऊन जाणार होतं. आजूबाजूची सगळी वावरं फवारून झाली होती. मी म्हटलं, "अर्धा एकर राह्यला. आटपून घे, मंग झोप."

तो गेला. मी सांगितलं म्हणून गेला.

संध्याकाळी लोकांनी त्याला ऑटोत घालून आणला आणि तसाच यवतमाळला नेला. सरकारी दवाखान्यात बारा दिवस होता. वाचला. उजव्या डोळ्यानं त्याला आजही धुरकट दिसतं.

घरी आल्यावर सगळ्यांना आम्ही सांगितलं, पंप गळत होता. पंप थोडा गळतच होता, ते खोटं नव्हतं. पण बुढा तेवढ्यावर थांबला नाही. येईल त्याला सांगायचा, "बायको घरी असती तं भाकर घेऊन वावरात गेली असती, पाह्यलं असतं तिनं नवऱ्याले. पण बाईसाहेब कॉलेजात निबंध लिवून राह्यल्या होत्या!" सुनेच्या देखत सांगायचा. ती ताट घेऊन आत जायची. तिला खरं काय ते माहीत होतं, दवाखान्यात नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. नवरा बोलला नाही, कारण आईचं नाव कसं घ्यायचं. ती बोलली नाही, कारण नवरा बोलला नाही. आणि मी? मला तोंड होतं. मी बोलले नाही.

तिसरा निबंध वेचणीच्या पहिल्या दिवसावर होता. त्या दिवशी वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, आम्ही त्याला सीतादही म्हणतो. सरांनी विचारलं, दही कोणाच्या घरचं, आणि पहिलं बोंड कोणी तोडलं. मी सांगितलं. पास. उरला एक.

चौथ्याचा विषय त्यांनी फळ्यावर लिहून दिला: आपल्या घरात ज्याबद्दल बोलणं बंद झालं आहे ते.

सुनेनं तो लिहिला, पण मला वाचून दाखवेना. मुदत चार दिवसांवर आली, दोन दिवसांवर आली. मी विचारायची, झाला काय? ती म्हणायची, होते. बुढा ऐकून म्हणायचा, "नसन जमत तं राहू द्या. विळा धार लावून ठेवला म्या." आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीत कापसातला पालापाचोळा निवडत बसले होते, ती येऊन ढिगाशेजारी बसली आणि खाली मान घालून वाचायला लागली.

सगळं होतं त्यात. पऱ्हाटीची उंची, औषधाचा वास, ऑटोत त्याची मान कशी लोळत होती ते. तिनं ते लोकांकडून ऐकून, ज्यांनी पाहिलं त्यांची नावं टाकून लिहिलं होतं. "त्या दिवशी मी कॉलेजात होते" हेही होतं. आणि मधे एक ओळ होती: दुपारी तो घरी आला होता. घरातून त्याला परत पाठवलं. तेवढं वाचून ती पुढं गेली. आवाज बदलला नाही.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "समजलं काय, आत्याबाई?"

"समजलं." मी पेन घेतला. "दुसरं काही नव्हतं लिवाले?"

"विषयच तो होता. खोटं लिवलं असतं तं सरनं पकडलं असतं."

"खरं लिवलं तरी पकडनच तो," मी म्हटलं आणि सही केली.

मग रविवार मोजत बसले. पहिला गेला, ते आले नाहीत. दुसरा गेला. सकाळी उठून वाटायचं, भावाकडं निघून जावं, आठ दिवस यायचंच नाही. पण सही करणारा घरी सापडला नाही तर निबंध नापास, हाही नियम होता. ज्यांनी नियम केले त्यांनी पळायची वाट आधीच बुजवली होती. कुत्रं भुंकलं की मी दारात. भाकरी करपायच्या. मुलानं विचारलं, "माय, बरं नाई काय?" त्याचा तो डोळा माझ्याकडं पाहायचा आणि मी परातीकडं.

तिसऱ्या रविवारी आले. नेमका बुढा बाजेवर बसलेला, मुलगा अंगणात दोर वळत होता.

"या मास्तर," बुढा म्हणाला. "आमच्या बुढीले एकदाची डिग्री देऊन टाका. दिवसभर घोकत राह्यते."

"आधी विचारू द्या," सर म्हणाले. बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. "हं बाई, काय समजलं?"

मी उभीच राहिले. पंपाचं सांगितलं, पऱ्हाटीचं सांगितलं, ऑटोचं सांगितलं. बुढा मान डोलवत होता, त्याला वाटलं पंपाचीच गोष्ट आहे. मी म्हटलं, "दुपारी पोरगा घरी आला, आन् मंग पुना वावरात गेला."

"गेला, की पाठवलं?"

"पाठवलं."

"कोणी?"

सून दारातून बाहेर आली. "सर, ते मी लिवलं नाई," ती म्हणाली. "लिवनार बी नाई. नापास करा मले." सासऱ्यासमोर तिचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सरांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुम्हाला विचारलेलं नाही. समजलं असं यांनी लिहून दिलं आहे. बाई, कोणी पाठवलं?"

"कोण पाठवन?" बुढा म्हणाला. "घरी होतं कोण त्या दिवशी? मी बाजारात गेलतो. सून कॉलेजात. घरी तं…" आणि थांबला.

मुलाच्या हातातला दोर थांबला होता. "कोणास ठाऊक" एवढंच म्हणावं असं माझ्या मनात आलं. तसं बोलले असते तर सरांनी काट मारली असती, सायकल घेतली असती, आणि सून दुसऱ्या दिवशी माझ्या मागोमाग वावरात आली असती. दोन हात घरात जास्त झाले असते. पोरीनं तर मान पुढं करूनच ठेवली होती.

"मी," मी म्हटलं. "मी पाठवलं. अर्धा एकर राह्यला होता."

सर कागदावर काहीतरी लिहीत होते.

"बरोबर," ते म्हणाले, गिरणीवाल्याच्या वेळी म्हणाले होते त्याच आवाजात. मग सुनेकडं वळले. "तुम्ही एक ओळ लिहायची टाळलीत, त्याचे तीन मार्क कापतो. बाकी निबंध पास."

आणि उठले. ना मला धीर दिला, ना बुढ्याला काही समजावलं. मला वाटलं होतं दोन शब्द तरी बोलतील, शिकलेला माणूस आहे. कागदाला काटा टोचला, पिशवीत टाकला, सायकल ढकलत वेशीपर्यंत गेले आणि तिथून बसून गेले. मुलगा म्हणाला, "माय, मी बी नाई म्हणू शकत होतो." मी त्याला गप्प केलं. त्याची वाटणी मला नको होती.

बुढा माझ्याशी होळीपर्यंत बोलला नाही. जेवायला बसायचा, ताट समोर यायचं, जेवून उठायचा. सुनेशी मात्र बोलायला लागला. पहिलं वाक्य होतं, "बस कितीची हाय तुई?" ती गोंधळली, म्हणाली, साडेनऊची. तो चप्पल घालून तिच्यासोबत फाट्यापर्यंत गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉलेजवरून काही सांगणं बंद झालं. पेपरात ती पास झाली, मार्क काही फार नव्हते, आणि दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला बुढाच तिला घेऊन गेला.

दुसऱ्या वर्षाला तो पेपर नव्हता, म्हणून सरही पुन्हा आमच्याकडं आले नाहीत. नंतर त्यांची बदली झाली म्हणतात. एकदा नेरच्या बाजारात दिसले होते, वांगी निवडत होते, पायाला सुतळी. मी पदर सावरून दुसऱ्या गल्लीत शिरले. काय बोलायचं त्यांच्याशी?

शेजारीण विचारते, त्या मास्तरचा तुला राग येत नाही का, चारचौघांत असं उघडं पाडलं. येतो कधीकधी. पण एक गोष्ट मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिली आहे. त्यांनी मला, का पाठवलं, असं एकदाही विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आभाळ होतं, अळी होती, शेजाऱ्यांची वावरं फवारून झाली होती, बुढा घरी नव्हता. एकेक सांगत गेले असते आणि सांगतासांगता सुटून गेले असते. त्यांनी विचारलं, कोणी. त्याला माझ्याकडं एकच उत्तर होतं.